भंगारातली ॲटलास

जालन्यात लोखंड फार दिवस भंगारात राहत नाही. ट्रक भरभरून मोड येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते. आमच्या अण्णांची सायकलही अशीच कुणाच्या तरी छपराला आधार देत असेल. चार वर्षांपूर्वी नव्या घरात राहायला येताना मी ती, त्यांना न विचारता, किलोवर घातली. अण्णा प्राथमिक शिक्षक; अंबड तालुक्यातल्या शाळेत त्यांनी वीस वर्षे त्याच सायकलीवर ये-जा केली. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. रागावले असते तर बरे झाले असते!

म्हणून गेल्या उन्हाळ्यात कुंडलिकेपलीकडे एका भंगारवाल्याकडे तसलीच चोवीस इंची ॲटलास दिसली, तेव्हा माझा पाय पुढे पडेना. काट्यावर ती वीस किलोंना थोडी कमी भरली. मराठीचा प्राध्यापक भंगार विकत घेतो आहे हे पाहून दुकानदाराने साडेपाचशेवरचे सुटे सोडून दिले.

“अहो, एक बाहेर काढलीत ती ही आत आणायला का?” सौभाग्यवतींनी विचारले. अण्णांनी दारातूनच पाहिले. “ही ती नव्हे,” म्हणाले आणि आत गेले.

सीटखाली कुंभारमाशीचे घर होते. चेनवर तेल आणि धूळ यांची इतकी पुटे, की कड्या मोजता येईनात. ती रात्रभर डब्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवली; सकाळी डब्यात काळी खीर! हॅण्डलच्या गंजावर मुलीने डब्याच्या पोळ्यांभोवतीचा चांदीसारखा कागद चुरगळून, पाण्यात भिजवून घासला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही आणि गंज मात्र निघतो. ही विद्या तिला कुठून मिळाली, ते मी विचारले नाही. पॉलिशपेपर मी रंगाला लावू दिला नाही. पुढच्या बिल्ल्यावर पृथ्वी खांद्यावर घेतलेला तो गडी पुसट का होईना, उभा होता. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन. असे विनोद दैवालाच सुचतात.

चाके उघडली. मागच्या चाकात दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्यात बारीक दहा. दोन झिजलेले निघाले. कोन जास्त कसला की चाक जाम होते, सैल ठेवला की डुलते. त्या मधल्या जागेसाठी माझा एक रविवार गेला.

पण खरी फजिती पेडलची. उजवे सुटले, डावे काही केल्या हलेना. तेल सोडले, हातोडीने ठोकले, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी पाठीमागून आवाज आला,

“काय करायलास?”

“सुटत नाही, अण्णा.”

“डावं पेडल आहे ते. घट्ट करायला फिरवतोस तसं फिरव.”

फिरवले. करकरून सुटले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते गळून पडेल. चाळीस वर्षे पेडल मारणाऱ्याला हे ठाऊक, आणि एम.ए. झालेल्याला नाही!

अण्णा पाटावर बसले. थरथरत्या हातांनी त्यांनी ग्रीस भरले, छर्रे एकेक करून बसवले आणि मला पुन्हा मोजायला लावले. “तुझी मोजणी मला ठाऊक आहे,” म्हणाले. चार वर्षांत ते माझ्याशी इतके बोलले नव्हते. मग, वर न पाहता, “कितीला गेली होती ती?”

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पाना मागितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटी वाजली. अण्णा सायकल हाताने धरून, न चढता, दूध आणायला निघाले होते. तासाभराने परतले. दुधाची पिशवी दुकानातच विसरली होती.

“जातो पुन्हा,” ते म्हणाले, आणि सायकल वळवली.