विश्लेषण : जुनी कॉर्व्हेट अस्सल की नक्कल? उत्तर पेट्रोलच्या टाकीवर!

१९६७ सालची एक शेवरोले कॉर्व्हेट अमेरिकेत २०१४ मध्ये लिलावात ३८.५ लाख डॉलरना विकली गेली. तिच्यात शर्यतीसाठीचं ‘एल८८’ इंजिन होतं. त्या वर्षी बनलेल्या २२,९४० कॉर्व्हेटपैकी ते फक्त २० गाड्यांना मिळालं.

चासी नंबर पुरेसा का नाही?
१९७१ पर्यंतच्या कॉर्व्हेटच्या चासी नंबरमध्ये इंजिनचा प्रकार नसायचा. त्यामुळे साध्या गाडीत दुसरं इंजिन बसवून ती दुर्मीळ म्हणून खपवता येते.

मग पुरावा कुठे सापडतो?
साधारण १९६७ पासून सेंट लुईसच्या कारखान्यात गाडीची ‘बिल्ड शीट’ पेट्रोलच्या टाकीवर चिकटवली जाई. त्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि ग्राहकाने निवडलेल्या जादा सुविधांचे कोड असतात. ती पाहण्यासाठी बहुतेकदा टाकी खाली उतरवावी लागते. ओल आणि पेट्रोलमुळे अनेकदा कागद खराब झालेला असतो.

कागद गेला असेल तर?
पहिल्या मालकाच्या वॉरंटी पुस्तिकेतली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची पट्टी शोधली जाते. तिच्यावर चासी नंबर आणि इंजिनचा कोड उठवलेला असतो. डीलरचं जुनं बिलही कामी येतं.

कागदच बनावट असला तर?
जुन्यासारखा दिसणारा कागद नव्याने छापता येतो. म्हणून तपासनीस इंजिन ब्लॉकवर ठोकलेले आकडे चासी नंबरशी जुळवतात. ब्लॉकच्या ओतकामाची तारीखही पाहतात. ती गाडी बनल्यानंतरची निघाली, तर ते इंजिन मूळचं नाही, हे नक्की. कागद आणि लोखंड दोन्ही एकच सांगत असतील, तरच पैसे मोजावेत.