उघडीप, मुसळधार आणि विषुववृत्तावरची संथ लहर

2023 चा पावसाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अधिक आणि निज मिळून दोन श्रावण आले, पण ऑगस्टमध्ये सरींचा पत्ता नव्हता. देशभराचा विचार केला तर जुलैमध्ये सरासरीच्या 113 टक्के पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये फक्त 64 टक्के. 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ‘यंदा पावसाळा आटोपला’ असे आम्ही निजामपुऱ्यातली मंडळी एकमेकांना सांगू लागलो होतो. सप्टेंबरमध्ये पाऊस पुन्हा 113 टक्क्यांवर गेला. ऐन गणेश चतुर्थीच्या तोंडावर नर्मदेला पूर येऊन भरूच-अंकलेश्वरमध्ये पाणी शिरले.

अशा चढउतारामागे एल निनोसारखी कारणे असतात, तशीच विषुववृत्ताजवळची एक संथ लहरही असते. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती 1971 मध्ये दाखवून दिली, म्हणून तिला ‘मॅडन-ज्युलियन आंदोलन’ म्हणतात. ढगांचा प्रचंड समूह हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकतो, तोही साधारण सायकलच्या वेगाने. एक फेरी 30 ते 60 दिवसांची असते. पावसाळ्यात यातला ढगांचा पट्टा उत्तरेकडे, आपल्या बाजूला चढतो. तो देशावर असला की पाऊस जोर धरतो आणि लांब गेला की खंड पडतो.

मग दर फेरीला सारखाच पाऊस का पडत नाही? याचे कारण हिशेबाच्या भाषेत सांगतो. सरळव्याजात मुद्दल दुप्पट झाले की व्याजही दुप्पट होते. हवेतली वाफ आणि पाऊस यांचे नाते तसे नसून प्राप्तिकराच्या टप्प्यांसारखे आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत वाफ वाढली तरी पाऊस जेमतेमच पडतो. मर्यादा ओलांडली की थोड्याशा वाढीनेही तो एकदम वाढतो.

शिवाय वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे हवा वर चढते आणि खाली आजूबाजूची दमट हवा ओढली जाते. म्हणजे लहर पाऊस आणते आणि तोच पाऊस लहरीला बदलतो. ढगांविना अशीच लहर कितीतरी वेगाने निघून गेली असती.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, लांबलेली उघडीप म्हणजे पावसाळ्याचा शेवट नव्हे. दुसरी, सुरुवातीचा छोटा फरक पुढे मोठा होत असल्याने ‘पंधरा दिवसांनी अमुक दिवशी इतके इंच’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आठवडा ओला जाईल की कोरडा, एवढा अंदाज मात्र बांधता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे आणि हवामान खाते असा अंदाज दर गुरुवारी जाहीर करते.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, ते आपण पाहिलेच आहे. म्हणून उघडीप मिळाली की गच्चीची पन्हळे साफ करावीत, तळमजल्यावरची कागदपत्रे वर हलवावीत, औषधे भरून ठेवावीत. गुरुवारचा अंदाज घरातल्या कोणी तरी नेमाने पाहावा. ही कामे कोरड्या दिवसांतच होतात.