बीटलचा बीम कापण्याआधी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तिथे तयार झालेल्या पोलोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. ज्या बीटलने या कंपनीचे नाव जगभर नेले, तिची पुढची रचना मात्र अगदी निराळी. ती उभी असते लोखंडी बीमवर, आणि जुन्या गाड्यांचे हौशी आज नेमका हाच बीम कापून अरुंद करतात.

हा बीम ट्रकच्या ॲक्सलसारखा भरीव नसतो. एकावर एक, समांतर अशा दोन आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत स्प्रिंगच्या पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो. जुडग्याच्या मधोमध एक खळगा असतो. त्यात ग्रब स्क्रू बसतो आणि जुडगा तिथे पक्का धरला जातो. दोन्ही टोकांना आर्म असतात. चाक खड्ड्यात गेले की आर्म फिरतो, पट्ट्यांना पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाने या टॉर्शन बारचे पेटंट १९३१ मध्ये घेतले. १९६६ च्या मॉडेलपासून किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट आले, तरी साध्या बीटलचा बीम २००३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत टिकला. तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल बनल्या होत्या.

मग तो कापायचा कशाला? गाडी खाली बसवली की टायर मडगार्डच्या कडेला घासू लागतो. डिस्क ब्रेक किंवा रुंद रिम लावले तर चाक आणखी बाहेर येते. बीम २ ते ६ इंचांनी अरुंद केला की चाके आत जातात.

काम वरकरणी सोपे दिसते. चॅसीला बोल्ट होणारा मधला भाग तसाच ठेवायचा, दोन्ही बाजूंनी नळ्यांचा सारखा तुकडा काढायचा आणि टोके पुन्हा जोडायची. खरी कसोटी जोडताना लागते. वेल्डिंगची उष्णता धातू ओढते. म्हणून नळ्या जागी धरणारा मजबूत जिग हवा, आधी समोरासमोर टाके मारायचे आणि मग थांबत थांबत, थंड होऊ देत शिवण पुरी करायची. नळ्या किंचित जरी समांतर राहिल्या नाहीत, तर आर्म अडकतात आणि बेअरिंग खातात. पट्ट्याही दोन्ही टोकांना सारख्याच कापाव्या लागतात आणि आर्मच्या स्क्रूसाठी नवे खळगे करावे लागतात. गॅसने कापल्यास पोलादाचे पाणी उतरते, म्हणून कटिंग डिस्क वापरायची आणि पट्ट्या तापू द्यायच्या नाहीत.

यानंतर टाय रॉड आखूड करावे लागतात. तेही वेल्डिंगने नव्हे, तर कापून, पुन्हा आटे पाडून. मग चाकांचे टो-इन आणि कॅम्बर हे कोन तपासायचे आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर आत कुठे घासतो का ते पाहायचे.

किंमतही मोजावी लागते. बीटलच्या पुढच्या दोन चाकांतले अंतर सुमारे १३०० मि.मी. असते. ४ इंच कमी केले की ते १२०० वर येते. गाडीची उंची तीच राहिली, तर वळणावर बाहेरच्या चाकावर सरकणारा भार सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. पट्ट्या आखूड झाल्याने स्प्रिंग कडक होते. त्यात गाडी खाली बसवलेली असली, तर गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे थेट नळीला लागतात.

कायद्याचा प्रश्न याहून मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आणली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. ज्या बीटलला हा मान मिळू शकतो, तिचा बीम कापणे म्हणजे तो मान धोक्यात घालणे.

बीटल भारतात कधीच बनली नाही. इथे आहेत त्या बाहेरून आलेल्या, मोजक्याच. बीम मोठ्या चार बोल्टांवर सुटतो, म्हणून हौस दांडगी असेल तर दुसरा बीम मिळवा, आधी आरटीओकडे लेखी विचारा आणि काम जाणत्या हातांकडेच द्या. मूळ बीमला मात्र कटर लावू नका. तो ग्रीस लावून, कोरड्या जागी, पुढच्या मालकासाठी जपून ठेवा.