झगमगता वृत्तकक्ष आणि तालुक्याची बातमी

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र होते. बातम्यांसाठी तेथे जी सजावट होती तिला सजावट म्हणणेही धाडसाचे ठरावे. एक मेज, मागे साधा पडदा, हातात कागद आणि समोर कॅमेरा. बाहेरचे चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होई. ती धुऊन, कापून आणि जोडून झाल्यावरच दाखविता येई. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे, विश्वास मेहेंदळे, स्मिता पाटील अशी मंडळी त्या मेजामागून बातम्या वाचून गेली. शुद्ध उच्चार, संयत स्वर आणि मोजके शब्द एवढ्याच भांडवलावर त्यांनी प्रेक्षकांचा विश्वास मिळविला. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, आणि पेण-रोह्याच्या बहुसंख्य घरांत बातमी येई ती रेडिओवरून किंवा एस.टी.ने येणाऱ्या वर्तमानपत्रातून.

त्यानंतरच्या अर्धशतकात बातम्यांच्या स्टुडिओचा जो कायापालट झाला, त्याची प्रेरणा मुख्यतः अमेरिकेतून आली. एडवर्ड मरो यांनी १८ नोव्हेंबर १९५१ रोजी आपल्या कार्यक्रमात ब्रुकलिनचा पूल आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पूल एकाच वेळी थेट दाखविले, तेव्हा एक अफाट देश एका खोलीत मावू शकतो याची जाणीव तेथील प्रेक्षकाला झाली. लॉस एंजेलिसच्या केटीएलए केंद्राने १९५८ मध्ये बातम्यांसाठी हेलिकॉप्टर वापरले. सेंट लुईसच्या केएमओएक्स केंद्राने १९७४ मध्ये फिल्मला रजा देऊन सर्व चित्रण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांवर आणले. फिल्म धुण्यात जाणारा वेळ वाचला आणि दुपारची घटना संध्याकाळच्या बातमीपत्रात सहज येऊ लागली. १ जून १९८० रोजी अटलांटा येथे सीएनएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी सुरू झाली आणि तिने प्रत्यक्ष वृत्तकक्षच निवेदकाच्या पाठीमागे दाखविला. बातमी येथेच घडविली जात आहे, असा भास प्रेक्षकाच्या मनात निर्माण करण्याची ही युक्ती पुढे जगभर रूढ झाली. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री तर त्याच वाहिनीने शिकागोतील आपल्या वार्ताहर महिलेची प्रतिमा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत समोरासमोर उभी केली.

महाराष्ट्रात २००७-०८ च्या सुमारास 'झी २४ तास', 'स्टार माझा' आणि 'आयबीएन लोकमत' या मराठी वृत्तवाहिन्या लागोपाठ सुरू झाल्या आणि हे सारे आपल्याकडेही अवतरले. भिंतभर एलईडी पडदे आले, काचेची मेजे आली, विधानसभेचा आभासी सभागार जमिनीतून वर येऊ लागला. ही किमया समजण्यास अवघड नाही. निवेदक हिरव्या भिंतीपुढे उभा असतो. कॅमेरा कोठे वळला, किती जवळ आला याची नोंद संगणक क्षणोक्षणी घेतो आणि त्या हिशेबाने हिरव्या रंगाच्या जागी रेखाटलेले दृश्य बसवितो. कॅमेरा हलला की दृश्यही त्याच प्रमाणात हलते, म्हणून ते खरे वाटते.

या तंत्राला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स हे चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे सरकत असताना तेथील वेदर चॅनेल या वाहिनीने एक दृश्य दाखविले. निवेदिका एका रस्त्यावर उभी आहे, तिच्याभोवती पाणी चढते आहे. तीन फुटांवर मोटारी हलू लागतात, सहा फुटांवर माणूस बुडतो, नऊ फुटांवर तळमजला दिसेनासा होतो. हे पाणी खेळांसाठी तयार झालेल्या संगणकप्रणालीतून निर्माण केलेले होते. परंतु ‘नऊ फुटांची लाट’ हे कागदावरचे शब्द पाहणाऱ्याला त्यामुळे आपल्या घराच्या भिंतीवर मोजता आले. आकड्याला अर्थ देणे हे बातमीचेच काम आहे, आणि ते काम येथे यंत्राने चोख बजावले.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांसाठी अशा दृश्यांची गरज थोडीथोडकी नाही. पेणच्या खारेपाटात धरमतरच्या खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी अडविले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते. पाणी एका ओहोटीत उतरते, पण जमिनीत राहिलेला क्षार पुढचे हंगामही बुडवितो. खांड किती रुंद आहे, ती बुजविण्याची जबाबदारी कोणाची आहे, आणि ती आठवड्यात बुजविल्यास काय वाचते व पावसाळाभर तशीच राहिल्यास काय जाते, हे एका आभासी नकाशावर तीन मिनिटांत दाखविता येईल. रोह्याकडे कुंडलिका आणि नागोठण्याकडे अंबा या नद्या पावसाळ्यात बाजारपेठांच्या उंबऱ्याशी येतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कुंडलिकेच्या पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्नही वर्षानुवर्षे चर्चेत आहे. फ्लॉरेन्सच्या लाटेसाठी जे तंत्र वापरले गेले, ते या तीनही पाण्यांना लागू पडते.

प्रत्यक्षात वाहिन्यांच्या गाड्या या भागात कधी येतात? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड ही गावे याच टप्प्यात येतात. काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले. गणेशोत्सवाच्या आदल्या चार दिवसांत वडखळच्या नाक्यावर कॅमेरे लागतात, खड्ड्यांची मोजदाद होते, चाकरमान्याच्या तोंडापुढे ध्वनिवर्धक धरला जातो. विसर्जन झाले की कॅमेरेही परततात. परंतु त्याच रस्त्यावरून पेणच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी आणि नागोठण्याहून अलिबागच्या कचेरीत जाणारा कारकून वर्षाचे बाराही महिने प्रवास करीत असतो. ठेका कोणाला मिळाला, तो का रद्द झाला, भूसंपादन कोठे अडले, याचा सलग पाठपुरावा करणे हे चार दिवसांत आटोपणारे काम नाही.

पेणच्या मूर्तिकारांच्या प्रश्नाचेही तेच झाले. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतील असंख्य कुटुंबे गणेशमूर्तींवर जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या कठोर अंमलबजावणीचा आदेश दिला आणि जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. या विषयाला रसायनशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, श्रद्धा आहे. प्लास्टर पाण्यात का विरघळत नाही, शाडूची मूर्ती वाळावयास किती दिवस लागतात, ती दूरच्या प्रवासात का तडकते, हंगामासाठी काढलेले कर्ज केव्हा फिटते, हे सांगितल्यावाचून प्रेक्षकाला मत बनविता येत नाही. पडद्याच्या सहा चौकोनांत सहा वक्ते एकाच वेळी बोलू लागले म्हणजे यांतील एकही गोष्ट ऐकू येत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्या दिवशी स्टुडिओतील नकाशांवर वादळाचा भोवरा उत्तम फिरत होता. परंतु विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि जिल्ह्यातील अनेक गावांत कित्येक दिवस अंधार राहिला. ज्यांच्याविषयी बातमी होती त्यांनाच ती दिसत नव्हती. आणि वादळ मुंबईला न शिवता गेले हे ठरताच तिचा क्रमांकही खाली उतरला. कोणाच्या नारळी-पोफळीच्या बागा गेल्या आणि पंचनामे कोठपर्यंत आले, ही उत्तरार्धाची बातमी बहुतांशी जिल्ह्यातील वर्तमानपत्रांनी सांभाळली.

हे असे का होते, याचे उत्तर कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याचे कारण नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. स्टुडिओवरचा खर्च एकदा होतो, त्याचे उद्घाटन करता येते, जाहिरातदाराला तो दाखविता येतो. वार्ताहराचा पगार दरमहा द्यावा लागतो आणि त्याने तलाठ्याच्या कचेरीत घालविलेले चार तास पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी बहुधा पूर्णवेळ वार्ताहर नसतो. असतो तो बातमीमागे मानधन घेणारा अर्धवेळ प्रतिनिधी. पोटासाठी तो दुसरा व्यवसाय करतो. अपघाताचे चित्रण पाठविले तर पैसे मिळतात; ग्रामसभेच्या इतिवृत्तातील विसंगती शोधून काढल्याबद्दल मिळण्याची शाश्वती नसते. त्याने अपघाताकडे धाव घेतली तर दोष त्याचा नव्हे.

अमेरिकेचे अनुकरण करताना तेथील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दूरचित्रवाणीच्या हिशेबासाठी त्या देशाचे २१० विभाग पाडलेले आहेत, आणि लहान शहरांतही स्वतःची बातमीपत्रे देणारी केंद्रे आहेत. परवाना ज्या गावाच्या नावाने मिळाला, त्या गावाजवळ केंद्राने आपला मुख्य स्टुडिओ ठेवलाच पाहिजे, असा नियम आधी नभोवाणीला आणि पुढे दूरचित्रवाणीला होता. नागरिकाला दार ठोठावून जाब विचारता यावा, हा त्यामागचा हेतू. तेथील दळणवळण आयोगाने हा नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये रद्द केला. एका ठिकाणाहून अनेक शहरांच्या बातम्या चालविता येतात, मग इमारतींचा खर्च कशाला, हा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी सिंक्लेअर या कंपनीच्या मालकीच्या कितीतरी केंद्रांवरील निवेदकांनी एकच मजकूर शब्दशः वाचल्याचे उघड झाले, तेव्हा मध्यवर्ती कारभाराचा अर्थ सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात आला. आपल्या ओळखीचा, आपल्याच गावचा म्हणून ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला, त्याच्या तोंडी दूरच्या कचेरीतील वाक्ये होती.

यावर असे म्हटले जाईल की, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, गावोगावच्या तरुणांनी आपापल्या वाहिन्या काढल्या आहेत, मग तक्रार कशासाठी? या तरुणांचा उत्साह स्वागतार्ह आहे आणि पुष्कळदा पहिली खबर तेच देतात. तथापि खबर आणि बातमी यांत अंतर असते. खबर पडताळणारा संपादक, चूक झाल्यास दुरुस्ती छापणारी संस्था आणि पुढाऱ्याचा रोष ओढवल्यास वार्ताहराच्या पाठीशी उभा राहणारा मालक नसेल, तर खबर तशीच राहते. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीने शुभेच्छा देणाऱ्यालाच प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा व्यवहारी नाही.

अशा वेळी सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थेकडे दृष्टी वळणे स्वाभाविक आहे. आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९.६१ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. मे २०२४ मध्ये ‘डीडी किसान’ वाहिनीवर क्रिश आणि भूमी हे दोन यंत्रनिर्मित निवेदक अवतरले. ते न थकता, अनेक भाषांत बोलू शकतात असे सांगण्यात आले. हवामान आणि बाजारभाव वाचावयास ते पुरेसेही असतील. परंतु खारेपाटातील बांधावर उभे राहून खांड किती हात रुंद आहे हे त्यांना पाहता येणार नाही, आणि ती बुजविण्याचा निधी कोठे गेला हे खात्याच्या अधिकाऱ्याला विचारता येणार नाही. यंत्राला जे सांगितले जाईल तेच ते सांगेल. सांगण्याजोगे काय आहे हे शोधावयास माणूसच लागतो.

आधुनिकीकरणावरील खर्चाचा लहानसा वाटा प्रत्येक जिल्ह्यात पूर्णवेळ वार्ताहर नेमण्याकडे वळविला, तर चित्र पालटू शकेल. पेण-रोह्यासाठी एक वार्ताहर, त्याच्या हाती एक चांगला कॅमेरा, आणि आठवड्यातून ठरलेली दहा मिनिटे, एवढ्याने प्रारंभ होईल. खासगी वाहिन्यांनाही हे अशक्य नाही. एका झगमगत्या भिंतीच्या किमतीत कितीतरी तालुक्यांचा वर्षाचा पगार निघावा. त्या भिंतीवर दाखविण्याजोगे काही तालुक्यातून येऊ लागले, तर भिंतीचाही उपयोग होईल.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाने या बाबतीत उदासीन राहू नये. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प, शाळेची गळकी खोली, एस.टी.ची बंद झालेली फेरी हे विषय त्यांच्याच रोजच्या जगण्यातले आहेत, आणि ते कागदोपत्री मांडण्याची क्षमताही त्यांच्यातच आहे. वाहिन्यांकडे पाठविलेल्या नेमक्या, सही केलेल्या पत्राला आजही वजन असते. पुढच्या उधाणात खारेपाटात एखादा बांध फुटेल, तेव्हा ती खांड मोजून दाखविणारा आणि महिन्याभराने ती बुजली की नाही हे पाहावयास पुन्हा तेथे जाणारा वार्ताहर असावा, एवढी मागणी या दोन तालुक्यांनी आता उघडपणे करावयास हवी.