कानाच्या पाळीखालची गाठ

चाकणच्या एका वाचकाने विचारलं आहे : वडिलांच्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही, पण काही वर्षांपासून हळूहळू वाढते आहे. डॉक्टर सुईची तपासणी करा म्हणतात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, गाठीला सुई लावू नका, पसरते. खरं काय?

गाठीची जागा पाहता ती पॅरोटिड या सर्वांत मोठ्या लाळग्रंथीतली असावी. लाळग्रंथींच्या दहा गाठींपैकी साधारण आठ इथेच होतात. त्या आठांतल्याही बहुतेक साध्या असतात, म्हणजे कॅन्सरच्या नसतात. गालगुंडाची किंवा जंतुसंसर्गाची सूज ठणकते, ताप आणते आणि ओसरते. ही तशी नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन आपल्या दारात तयार होऊ लागलं. त्या औषधांवर इथल्या माणसांचा विश्वास बसला, तो रास्तच होता. पण या गाठीसाठी अँटिबायोटिकचे कितीही कोर्स घेतले तरी ती तसूभरही कमी होणार नाही.

सुईच्या तपासणीची गोष्ट मला फार आवडते, ती एडवर्ड एलिस यांच्यामुळे. 1930 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेज मार्टिन या सर्जनने एलिस यांच्यासोबत या तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. मार्टिन गाठीत 18 गेजची सुई घालून सिरिंजने पेशी ओढून घेत. एलिस डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होते. सुईतला तो थेंबभर ऐवज काचेवर पसरून, रंगवून वाचण्याजोगा करणं हे त्यांचं काम. थर जाड झाला किंवा पेशी चिरडल्या, तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ बसवा, त्याला काही दिसणार नाही. मार्टिन यांचं नाव टिकलं, एलिस यांचं फारसं कुणी घेत नाही. या शोधातलं निम्मं श्रेय त्यांचं आहे असं मी मानतो. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत सिक्स्टेन फ्रांझेन आणि सहकाऱ्यांनी बारीक सुईचं तंत्र रुळवलं. आज वापरतात ती 22 ते 25 गेजची, रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहूनही बारीक. तिने लाळग्रंथीची गाठ पसरल्याची उदाहरणं अगदी अपवादात्मक आहेत.

तरीही घरातल्यांच्या भीतीत एक खरा कण आहे. या ग्रंथीत सर्वाधिक आढळणारी साधी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा. तिचं आवरण जागोजागी विरळ असतं. पूर्वी सर्जन ती नुसती सोलून काढत, त्यात आवरण फुटे आणि वर्षांनंतर त्याच जागी बारीक बारीक अनेक गाठी उगवत. अशा शस्त्रक्रियांनंतर 20 ते 45 टक्के रुग्णांत गाठ परतल्याच्या नोंदी आहेत. शिवाय चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. म्हणून इथे आधी चिरा देऊन तुकडा काढत नाहीत. सुईने अंदाज घेतात आणि मग नस जपत, भोवतीच्या निरोगी भागासह गाठ अखंड काढतात. पण नुसतं थांबून राहणंही बरं नव्हे. ही गाठ वर्षानुवर्षं तशीच ठेवली, तर तिच्यात कॅन्सर उद्भवण्याची शक्यता वाढत जाते.

गिम्सा रंगात प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा ओळखणं बहुधा सोपं असतं : पेशींभोवती झळझळीत राणी रंगाचा तंतुमय पदार्थ दिसतो. खरा पेच दुर्मीळ साध्या गाठींचा आहे. बेसल सेल अॅडेनोमा घ्या. तिच्या पेशी आणि तिच्या कॅन्सरी बहिणीच्या पेशी पुष्कळदा हुबेहूब असतात. फरक एवढाच की एक आपली हद्द पाळते आणि दुसरी आजूबाजूला घुसते. मायोएपिथेलिओमाचंही तसंच. भोसरीच्या फाउंड्रीत ओतकामाचा नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर तपासला की धातूचा ग्रेड कळतो, पण पार्ट मापात आहे का हे पूर्ण पार्ट इन्स्पेक्शनला आल्यावरच कळतं. सुईने पेशी मिळतात, हद्द मिळत नाही.

म्हणूनच एआय स्लाइड वाचून क्षणात निदान करेल, अशा बातम्यांनी मी हुरळत नाही. पेशी मोजायला यंत्राची मदत जरूर होईल. पण जी हद्द स्लाइडवर उतरलेलीच नाही, ती कॅमेऱ्याला कुठून दिसणार?

लाळग्रंथींच्या सुईच्या तपासणीचे रिपोर्ट देण्याच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मिलान पद्धतीत अशा गाठींसाठी वेगळा वर्ग आहे : गाठ नक्की आहे, पण ती साधी की कॅन्सरची हे सांगता येत नाही. या वर्गातल्या साधारण एक तृतीयांश गाठी शेवटी कॅन्सरच्या निघतात, बाकीच्या नाही. वडिलांचा रिपोर्ट असा आला, तर तपासणी फसली असं समजून लॅब बदलत बसू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून गाठ किती खोल आहे ते पाहतील आणि ती अखंड काढून पॅथॉलॉजीला पाठवतील. तिथे तिच्या कडेचे काप बारकाईने तपासले, की नाव ठरेल.