बिबडे शोधणाऱ्याला तुमचे दार सापडते का?

अखाजीच्या आधीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. भिजवून, वाळवून, भरडून ठेवलेली ज्वारी. पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरे, लसूण, मिरची घालून घाटा हाटायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर बिबडे थापायचे. जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांतून हे काम आता विक्रीसाठीही होते. माल चोख असतो, हात सरावलेले असतात. अडते ते पुढे. पुण्यात राहणारी एखादी लेक माहेरच्या चवीसाठी मोबाईल उघडते, शोधते, आणि तिला दिसतात मोठ्या कंपन्यांची रंगीत पाकिटे. तुमचे घर काही दिसत नाही.

हे असे का होते, ते आधी समजून घेऊ. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली अमेरिकेत गूगल कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना मोठी साधी होती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान वजनदार समजायचे; आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असला, तर त्या बोटाची किंमत जास्त धरायची. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण तरी दुसरे काय करतो? चार जणांना विचारतो, आणि त्या चारांत गुरुजी असले तर त्यांचे म्हणणे अधिक मानतो. आज गूगल इतरही अनेक गोष्टी पाहते, पण हा हिशेब सुटलेला नाही. मोठ्या कंपनीकडे बोट दाखवणारे हजारो. तेव्हा नुसत्या ‘पापड’ या शब्दावर तुम्ही तिच्याशी झुंजायला जाऊ नका. तिथे तुमचा पैसाही जाईल आणि हंगामही.

पण ग्राहक नेहमी ‘पापड’ एवढेच शोधत नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर उतरलेला पाहुणा ‘जवळ नागलीचे पापड’ असे शोधतो, तेव्हा गूगल नकाशावर मुख्यतः तीन गोष्टी पाहते: मागणीशी माल जुळतो का, ठिकाण किती जवळ आहे आणि नावलौकिक किती आहे. जवळपणात कंपनी तुम्हाला हरवू शकत नाही. पुण्यातल्या लेकीच्या बाबतीत मात्र अंतर तुमच्या विरुद्ध जाते, हे मान्य केले पाहिजे. तिच्यासाठी शब्द नेमके हवेत. ती ‘जळगावचे ज्वारीचे बिबडे’ असे शोधत असेल आणि तुम्ही स्वतःला ‘गृहोद्योग, सर्व प्रकारचे खाद्यपदार्थ’ एवढेच म्हणवून घेत असाल, तर दोघींची गाठ पडायची कशी? पदार्थाचे नाव लिहा, धान्य लिहा, गाव आणि तालुका लिहा. पुष्कळ लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात, म्हणून तसेही लिहून ठेवा. गावाच्या नावाला कमी लेखू नका. जळगावची केळी आणि जळगावचे भरताचे वांगे यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या मातीच्या नावाला किंमत आहे म्हणूनच.

नकाशावर नोंद करायला एक पैसाही लागत नाही. धंद्याचे खरे नाव, चालू फोन, वेळ आणि स्वच्छ उजेडात काढलेले फोटो द्यावेत. नावापुढे ‘सर्वोत्तम, स्वस्त’ अशी शेपटी जोडू नये. ते नियमात बसत नाही. ग्राहक घरी येत नसतील, तर पत्ता झाकून फक्त माल पोचवता तो भाग दाखवता येतो. खात्रीसाठी गूगल बहुधा व्हिडिओ मागते, त्यात जागा आणि कामाची साधने दाखवायची. आणि पाकिटावर, नकाशावर, व्हॉट्सॲपवर एकच फोन नंबर असू द्या. तीन ठिकाणी तीन नंबर असले की माणूसही गोंधळतो आणि यंत्रही.

आता आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. मागे वहिनीला एक फोन आला. “गूगलमधून बोलतोय, तुम्हाला पहिल्या नंबरावर आणून देतो.” तिने पैसे पाठवले. पहिला नंबर राहू द्या. त्या गृहस्थाने नोंद स्वतःच्या खात्यावर करून ठेवली होती. वहिनीचा फोन नंबर बदलला, पण नोंदीवरचा जुना तिला बदलता येईना. ऐन हंगामात येणारे फोन बंद नंबरावर वाजत राहिले. पुढे मालकी मागण्याचा अर्ज करून नोंद परत मिळाली, पण तोवर मृगाचा पाऊस आला होता. गूगलचे स्वतःचेच म्हणणे आहे की पहिल्या जागेची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि नकाशावरचा क्रम पैशाने विकत मिळत नाही. जाहिरात विकत मिळते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. तेव्हा असा फोन आला तर ठेवून द्या, आणि नोंद घरातल्या माणसाच्याच खात्यावर करा. मुलगा-मुलगी करून देतील. पासवर्ड मात्र तुमच्या वहीत हवा.

नावलौकिकाचे म्हणाल, तर ज्याने माल नेला त्याला चार शब्द लिहायला सांगा. लाजू नका. मात्र त्या बदल्यात सूट देऊ नका, की भाच्याकडून एका रात्रीत वीस अभिप्राय लिहून घेऊ नका. नियमाविरुद्ध आहे आणि असले अभिप्राय काढून टाकले जातात. कोणी ‘मीठ जास्त होते’ असे लिहिले, तर रागावण्याऐवजी खाली शांतपणे उत्तर द्या. पुढचा ग्राहक ते उत्तरही वाचतो.

मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचेच पुढे लिज्जत झाले. आज तुमच्या वाटेत दिसणाऱ्या मोठ्या नावांत तेही एक आहे!

वहिनीने यंदा नोंदीत ‘ज्वारीचे बिबडे’ असे स्पष्ट लिहिले आणि मागणी चैत्राआधी कळवा, असेही. फाल्गुनातच निगडीहून एका अनोळखी बाईचा फोन आला. जाड हवेत की पातळ, हे विचारायच्या आधी वहिनीने विचारले, “माहेर कुठलं?”

“पारोळा,” ती म्हणाली. “आणि पातळच द्या.”