मांगरावरचा नवा राखणदार

कलमांस मोहोर आला की देवगड तालुक्यातील बागाइतदारास राखणीची काळजी लागते. माकडांच्या कळपापुढे एकटा गडी अपुरा पडतो आणि मांगरावर एखादे कुत्रे असावे असे वाटू लागते. त्याकरिता पैसे मोजावे लागत नाहीत. रापणीच्या जागी व बाजारात बेवारशी कुत्री पुष्कळ असतात. त्यांतील एकास आश्रय देणे हे सत्कृत्यच होय. परंतु आश्रय देणे निराळे आणि वळण लावणे निराळे. दुसऱ्याची हयगय झाली म्हणजे पहिले शेजाऱ्यांस, गावास व अखेर त्या मुक्या जीवासही महाग पडते. मिठबाव येथे आम्हांस जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवितो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता पुळणीवर टाकलेल्या मासळीवर जगणारा एक लंगडा, तरणा कुत्रा आम्ही बागेत आणिला. पहिले आठ दिवस तो मांगराच्या कोपऱ्यात अंग चोरून पडे. त्याची कीव येऊन ज्याने त्याने आपल्या परीने त्याचे लाड केले. आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून त्यास भाकरीचा तुकडा टाकी. मुले त्यास पडवीत घेऊन बसत. गडी त्याच पडवीत त्यास पाहताच काठी उगारी. आणि आम्ही स्वतः आज हाकलीत असू, तर उद्या कानाडोळा करीत असू. महिनाभरात तो गड्यावर गुरगुरू लागला व शेजाऱ्यांच्या दोन कोंबड्या त्याने मारल्या. आम्ही भरपाई दिली, कुत्र्यास चोप दिला आणि प्रकरण मिटले असे समजलो.

पौषातील एका पहाटे तो बाहेरून परत आला, तेव्हा त्याच्या नाकाला व पंजांना ओली वाळू लागलेली होती. त्याच सकाळी तांबळडेगच्या बाजूस कासवाचे एक घरटे उकरलेले आढळले. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर चढतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परततात. पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांस संरक्षण दिले आहे. वनखाते व गावोगावचे कासवमित्र अंडी कुंपणात हलवितात. पण हे घरटे त्यांच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच फस्त झाले. किनाऱ्यावर कोल्हेही फिरतात, म्हणून अपराध आमच्याच कुत्र्याचा असे शपथेवर सांगवत नाही. तथापि त्या रात्री बागेचे फाटक उघडे राहिले होते आणि ते आम्हीच उघडे ठेविले होते.

मग विचार करता आमची चूक आम्हांस उमगली. ‘कधी कधी’ ही गोष्ट कुत्र्यास कळत नाही. दहा वेळा हाकलून अकराव्या वेळी तुकडा मिळाला, तर आशा सोडू नये एवढेच तो शिकतो. तसेच कृत्य आणि शिक्षा यांत घटकाभराचे अंतर पडले की त्यांचा संबंध त्यास लागत नाही. कोंबडी मारल्यावर तासाने दिलेल्या माराने तो फक्त मारणाऱ्यास भिऊ लागतो, आणि भ्यालेले कुत्रेच चावते. कुत्रा हट्टी नव्हता. आमच्या घरातच एकवाक्यता नव्हती.

त्यानंतर आम्ही पुढील नियम ठरविले :

(१) कुत्र्याने कोठे यावे व कोठे येऊ नये, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. मनाईचा शब्द सर्वांचा एकच असावा व तो हलक्या आवाजात उच्चारावा.

(२) अन्न दोन वेळा, एकाच जागी, एकाच भांड्यात द्यावे. आपल्या ताटातून काही देऊ नये. शिजलेली हाडे व कांदा कटाक्षाने वर्ज्य करावा.

(३) पहिले दोन-तीन आठवडे त्यास सावलीत लांब दोरीवर ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ गडग्याच्या कडेने फिरवावे, म्हणजे आपली हद्द त्यास कळते. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चिडखोर होते.

(४) कोंबड्यांजवळून दोरीवरच न्यावे. त्याने नजर वळविली की तत्क्षणी सुकटीचा तुकडा द्यावा. उशिरा दिलेले बक्षीसही उशिराच्या शिक्षेइतकेच व्यर्थ जाते.

(५) दिवेलागणीस फाटकास कडी घालावी. कासवांच्या हंगामात कुत्र्यास पुळणीवर मोकळे सोडू नये.

(६) आणल्याबरोबर पशुवैद्याकडून रेबीजची लस टोचवावी, पुढे त्यांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचवावी. जंतांचे औषध व निर्बीजीकरण टाळू नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याच्या बाबतीत ही जबाबदारी मालकाची आहे. कोणासही चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

यांतील सर्वांत अवघड नियम दुसरा ठरला. उंबरठ्याशी बसलेल्या कुत्र्याकडे पाठ फिरवून जेवणे आईस फार जड गेले; दोन दिवस तिने स्वतःही नीट अन्न घेतले नाही. परंतु पंधरवड्यात कुत्रा उंबरठा सोडून आपल्या भांड्यापाशी जाऊन बसू लागला, आणि तीन महिन्यांनी गड्याने काठी कोपऱ्यात ठेविली. आता माकडे आली की तो गडग्याच्या आतून भुंकतो. कोंबड्या त्याच्या पुढ्यातून जातात.

उकरलेले घरटे मात्र यामुळे भरून आले नाही. ज्या बागाइतदारांच्या मनात यंदा कुत्रे आणावयाचे असेल, त्यांनी दोरी विकत घेण्यापूर्वी एके रात्री घरातील लहानथोरांस एकत्र बसवून हे नियम ठरवून घ्यावेत. आमच्या फाटकाची कडी हल्ली दररोज आईच लावते.